सोपारा : अनेक भाषांतले एक नाव

सालवडहून बोईसर स्थानकात यावे आणि मुंबईकडे निघावे. पालघर, सफाळे, वैतरणा, विरार मागे पडले की नालासोपारा येते. फलकावरील हे जोडनाव नाळे आणि सोपारे या दोन गावांचे आहे. त्यातील ‘सोपारा’ दोन हजार वर्षांच्या वापरातून आले आहे.

संस्कृतात ते शूर्पारक, पालीत सुप्पारक, प्राकृतात सोपारय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमीने त्याची सौपारा अशी नोंद केली. अरबी वर्णमालेत ‘प’ नाही. म्हणून अरब लेखकांनी सुबारा लिहिले. भाषेगणिक उच्चार बदलला, तरी बंदराची ओळख पुसली गेली नाही.

जैन समाजाला तर हे नाव विशेष जवळचे आहे. पट्टावलींच्या परंपरेनुसार बारा वर्षांच्या दुष्काळाच्या अखेरीस आचार्य वज्रसेनसूरी सोपारकात आले. श्रावक जिनदत्त व ईश्वरी यांच्या चार पुत्रांनी त्यांच्याकडे दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ति व विद्याधर ही चार कुले त्यांच्यापासून निघाली. तपागच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशी जोडतो.

आज ‘नालासोपारा’ म्हटले की गर्दीची लोकल तेवढी आठवते. पेढीवरच्या बिलांवर, मालाच्या पत्त्यांवर हे नाव नित्य लिहिले जाते. ते लिहिणाऱ्या नव्या पिढीला चंद्रकुलाची कथाही सांगितली जावी. प्राचीन बंदर गाळाने भरून गेले. नावामागची स्मृती तरी बुजू नये.