आवाज येतो, शब्द येत नाहीत

जुन्या गाडीतले स्पीकर बदलणे हा साहित्यचर्चेचा विषय नव्हे, याची जाणीव ठेवूनच हे टिपण लिहीत आहे. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या कामात जे शिकायला मिळाले, त्याचा संबंध मोटारीपेक्षा वर्णमालेशी आणि ऐकण्याशी अधिक आहे. भाषा शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांना ते अगदीच परके वाटणार नाही, अशी आशा आहे.

आम्ही जित्याला राहतो. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मधले हे स्थानक. पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव. आमची गाडी २००७ सालची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पेणच्या परिवहन कार्यालयात तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. नवी घेण्याची ऐपत नाही आणि तशी निकडही नाही. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांना पंधरवड्यातून एकदा डॉक्टरांकडे पनवेलला न्यावे लागते. वाटेत काय ऐकायचे हे तेच ठरवतात, आणि ते बहुधा पु. ल. देशपांड्यांचे 'बटाट्याची चाळ' असते.

प्रेक्षकांच्या हशासकट झालेले ते ध्वनिमुद्रण. गेले वर्षभर मी पाहत होतो, की वडील हशानंतर हसतात. प्रेक्षक हसले, की क्षणभराने तेही हसत. पस्तीस वर्षे ज्यांनी वर्गात विनोदी उतारे स्वतः न हसता वाचून दाखवले, ते आता दुसऱ्यांच्या हसण्यावरून विनोद ओळखत होते. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत."

हे वाक्य ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे, हे मला नंतर कळले. बोलण्यातला मोठेपणा, म्हणजे ज्याला आपण 'आवाज' म्हणतो तो, मुख्यतः स्वरांत असतो, आणि त्यांची बहुतेक शक्ती एक हजार हर्ट्‌झच्या खाली असते. स, श, फ, त यांसारखी अघोष व्यंजने फार दुबळी. त्यांना वेगळे ओळखू देणाऱ्या खुणा दोन हजार हर्ट्‌झच्या वर, 'स'च्या तर चार हजारांच्याही वर असतात. जुन्या दूरध्वनीवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असे. म्हणूनच नाव सांगताना 'सशातला स' असे सांगावे लागे. स्वर ऐकू येण्यासाठी, व्यंजने कळण्यासाठी, अशी ही श्रमविभागणी आहे. आपल्या परिभाषेला ती आधीपासून ठाऊक असावी असे वाटते. गाण्यातला सूर आणि वर्णमालेतला अ-आ-इ या दोहोंना आपण 'स्वर' म्हणतो. 'व्यंजन' मात्र 'वि' आणि 'अञ्ज्' यांपासून आलेले, म्हणजे व्यक्त करणारे. आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'तून आपल्याला परिचित असलेली 'व्यंजना'ही त्याच धातूची. असो.

दाराचे आवरण काढून पाहिले, तेव्हा प्रश्नाचा निम्मा उलगडा झाला. स्पीकरचा शंकू कागदाच्या लगद्याचा असतो. आमच्या भागातल्या कारखान्यांत ज्या लगद्याच्या गणेशमूर्ती होतात, त्याच जातीचा पदार्थ; आणि पावसाळ्यात त्या मूर्ती सुकवताना कारागिरांना जी दमट हवा नडते, तीच हवा इथे सोळा-सतरा वर्षे काम करत होती. शंकूच्या कडेची फोमची झालर बोट लावताच भुग्यासारखी गळली. मधला उंच स्वरांचा छोटा स्पीकर तर केव्हाच मुका झाला होता. म्हणजे व्यंजने गाडीत उमटतच नव्हती. गाण्यांच्या वेळी हे लक्षात येत नसे, कारण चाल ओळखीची असली की शब्द आपण मनानेच भरतो. गद्याला ती सोय नाही.

खर्चाची मर्यादा मी चार हजार रुपये ठरवली होती. दुकानात गेलो, तर विक्रेत्याने आधी छातीत धडधडेल असा ठेका वाजवून दाखवला. खोक्यावर '३०० वॉट' असे ठळक छापलेले. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराइतकाच त्यावर विश्वास ठेवावा. गाडीतल्या साध्या स्टिरिओची प्रत्येक स्पीकरमागची खरी सलग शक्ती पंधरा-वीस वॉटच्या आसपास असते. तीनशे पेलणारा स्पीकर घेऊन ती वाढत नाही. पाहायचा आकडा वेगळा, आणि तो बारीक अक्षरांत असतो: एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, म्हणजे स्पीकरची संवेदनक्षमता. एका जोडीची ८८ होती, दुसरीची ९१. हा तीन डेसिबलचा फरक म्हणजे स्टिरिओची शक्ती दुप्पट केल्यासारखे, तेही जादा पैसे न मोजता. ९१ची साधी जोडी बावीसशे रुपयांना मिळाली.

उरलेले काम स्पीकरच्या भोवतीचे, आणि खरा फरक तिथेच पडतो. शंकू पुढे जसा आवाज ढकलतो तसाच मागेही. मागचा आवाज फटीतून पुढे आला, की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून स्पीकर दाराच्या पत्र्यावर घट्ट, फट न ठेवता बसला पाहिजे. गावातल्या सुताराने बारा मिलिमीटरच्या जलरोधक प्लायवूडच्या दोन कड्या कापून दिल्या. भुसा दाबून केलेली स्वस्त फळी घेऊ नये. काचेच्या रबरामधून दारात पाणी उतरतेच आणि आपल्याकडच्या पावसात ती फळी फुगते. उंच कंपने सरळ रेषेत जातात आणि दारातला स्पीकर बोलतो तो आपल्या पोटऱ्यांशी. म्हणून कडी खालच्या बाजूला थोडी जाड ठेवून स्पीकरचे तोंड वर कलते केले. पत्र्याच्या आतून डांबरी चादरीचे तुकडे चिकटवले, कडेने फोमची पट्टी लावली, वर पाण्यासाठी प्लास्टिकची पन्हळ. तारांच्या जोडणीत धन-ऋण उलटे झाले तर डावा-उजवा स्पीकर परस्परविरुद्ध हलतात. ते तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो: तारांना क्षणभर टेकवला आणि शंकू बाहेर उडी मारून आला, की सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन समजावी. सगळे मिळून तीन हजार सहाशे रुपये झाले. शेवटी खर्ज थोडा कमी केला, उंच सूर वाढवले आणि तोल वडिलांच्या बाजूला, डावीकडे सरकवला.

पुढच्या फेरीत खारपाड्याच्या पुलाअलीकडे वाहनांची रांग लागली होती. गाडी उभी. वडील हसले, आणि त्यानंतर प्रेक्षक हसले. मी काही बोललो नाही.

अर्थात येथे थांबणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे. पूल ओलांडून गाडीने वेग घेतला, टायरांची घरघर सुरू झाली आणि ते पुन्हा हशामागून हसू लागले. तेव्हा प्रश्नाचा दुसरा निम्मा भाग समोर आला. वयाने कान जातात ते बहुतेकदा उंच कंपनांच्या बाजूने. झालर गळालेल्या स्पीकरसारखीच त्यांचीही व्यंजने आधी जातात. स्पीकर बदलता आला. जोवर तो फाटका होता, तोवर दोष त्याच्यावर ढकलता येत होता. आता ती सबब उरली नव्हती. श्रवणयंत्राचा विषय वडील नेहमी उडवून लावत. त्या दिवशी परतताना मात्र स्वतःहून म्हणाले, "थांबलेल्या गाडीत 'स' ऐकू आला. बऱ्याच दिवसांनी." पुढच्या आठवड्यात श्रवणचाचणी झाली. आलेखाची रेघ डावीकडे बरी, आणि उजवीकडे, उंच कंपनांपाशी, घाट उतरावा तशी खाली गेलेली.

यंत्राची किंमत स्पीकरच्या कितीतरी पट आहे, ती हप्त्याहप्त्याने जमेल. तोवर घरापुरता एक नियम केला आहे. ऐकू न आल्यावर आपण ओरडतो. पण ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने होती तेवढीच राहतात, आणि ऐकणाऱ्याला फक्त आपला राग कळतो. म्हणून दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. समोर बसायचे, तोंडावर उजेड ठेवायचा, सावकाश बोलायचे. शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवण्यासाठी आम्हाला बी.एड.ला हेच शिकवले होते.