परमुलखातील नाचणी

बदलीच्या हुकुमात गावाचे नाव असते, रुजू होण्याची तारीख असते आणि प्रवासभत्त्याचा मोघम उल्लेख असतो. त्या गावची माणसे कोणते धान्य खातात, हे मात्र कोणताही हुकूम सांगत नाही. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या लिपिकाला हे ज्ञान नवे ठाणे गाठल्यावर वाण्याच्या दुकानात होते. गंगटोकला येऊन आम्हाला तिसरे वर्ष लागले आहे. साडेपाच हजार फुटांवरील या गावात घरे एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. आमच्या खोल्यांच्या खालच्या अंगाला घरमालकीणबाईंचे स्वयंपाकघर आहे आणि त्यांच्या चुलीचा धूर प्रथम आमची चौकशी करून मगच आकाशाकडे जातो. बाई लिंबू समाजाच्या, सत्तरीच्या घरातल्या. सारी आळी त्यांना ‘आमा’ म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

गेल्या ऑक्टोबरात आमांच्या मनगटाने असहकार पुकारला. मुलगा बंगळुरूस, सून त्याच्याबरोबर. घरात नात होती, पण ती आठव्या महिन्याची गर्भवती. घरातले जाँड संपत आलेले, आणि नातीच्या बाळंतपणापूर्वी नवे लावणे तर अवश्य. आमांनी जिन्यातून हाक मारली. आम्ही पदवीधर असून रविवारी रिकामे असतो, ही गोष्ट त्यांनी केव्हाच हेरली होती.

जाँड म्हणजे कोदोची घरगुती बिअर. हा कोदो आपल्याकडील कोद्रा नव्हे. नावांचे साम्य फसवे आहे. कोद्रा हे निराळ्या गवताचे बी. नेपाळी भाषेतला कोदो म्हणजे आपली नाचणी. नाशकाकडे नागली, कर्नाटकात रागी, गढवाल-कुमाऊँकडे मंडुआ, अशी ठिकठिकाणी नाव बदलून राहणारी ही बाई आमच्याच जातीची, सदैव बदलीवरची! अलीकडे तिला बढतीही मिळाली आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून आमच्या बैठकांत चहाबरोबर नाचणीची बिस्किटे येतात आणि जे अधिकारी ती खात नाहीत तेच तिच्या गुणांवर बोलतात.

आमची आई संगमेश्वर तालुक्यातली. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे असते. आमांच्या अंगणात पोत्याचे तोंड सुटले तेव्हा ती गॅलरीत वाळवणाला बसली होती. लालसर दाणे दिसताच ती खाली उतरली, मूठभर तळहातावर घेऊन फुंकर घातली आणि म्हणाली, “अरे, ही आपली नाचणी! इतक्या लांब?” तिच्या चेहऱ्यावर माहेरचे माणूस स्टेशनात अवचित भेटल्याचा आनंद होता. लहानपणी नाचणीच्या भाकरीवर वाढल्याची तिला मुंबईत लाज वाटे, हे आम्ही तिच्याच तोंडून ऐकले आहे. शेजारणी पोळ्या लाटीत आणि ही दार लोटून भाकरी थापी. आमांनी तिला बसायला पिढे दिले. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पण धान्य निवडायला भाषा लागत नाही. तासाभरात पाच किलो कोदो खडे काढून, धुऊन तयार झाला.

मग आईने विचारले, “एवढ्याचं काय करणार?” आम्ही सांगितले.

तिने हातातले सूप खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि काही न बोलता ती वर निघून गेली.

याचे कारण आमांना ठाऊक असणे शक्य नव्हते. आईचा थोरला भाऊ गिरणगावात कामाला होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याचा साचा जो थांबला तो कायमचाच. त्यानंतर तो पाच वर्षे जगला. त्या पाच वर्षांत त्याने काय प्यायले, कोठे प्यायले, हे घरात कोणी उच्चारीत नाही. आम्ही त्याला फक्त एका पिवळ्या पडलेल्या छायाचित्रात पाहिले आहे. आमच्या घरी बाटली येत नाही ती या छायाचित्रामुळे. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम १९६४ मधला बाविसावा नियम तिचा नंतरचा पहारेकरी. तो नियमसुद्धा फार तर कामाच्या वेळी आणि सार्वजनिक जागी पिण्यास बंदी करतो, घरातल्या पेल्याला हात लावीत नाही. आईचा नियम अधिक कडक आहे आणि त्यावर अपील नाही.

आता करावे काय? आमा खाली मनगट धरून बसलेल्या, आई वर भिंतीकडे तोंड करून बसलेली. आम्ही जिन्याच्या मधल्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिलो आणि खाली उतरलो. धुतलेले धान्य तसेच टाकणे आईलाही आवडले नसते, अशी आपली मनाची समजूत घातली.

मोठ्या पातेल्यात कोदो अर्धा तास शिजवला. दाणा फुटावा पण गळू नये. जादा पाणी निथळून त्याची रास मांद्रो नावाच्या बांबूच्या चटईवर पसरली आणि लाकडी उलथन्याने उलटीपालटी करीत बसलो. येथे आमांची खरी परीक्षा असते. धान्य फार ऊन असेल तर विरजण मरते, फार गार झाले तर धरत नाही. आमा हाताची पालथी बाजू राशीत खुपसून पाहत आणि मान हलवीत. चौथ्यांदा त्यांनी मान हलवली नाही, तेव्हा मर्चा आला.

मर्चा म्हणजे या उद्योगाचे विरजण. पांढुरक्या, चपट्या, वाळलेल्या चकत्या. लाल बाजारात बायका विकावयास बसतात. भिजवलेले तांदूळ कुटून त्यात चित्रकाचे मूळ, काही रानपाला, आले आणि सुकी मिरची घालतात, आणि जुन्या मर्च्याची चिमूटभर पूड. दह्याला जसे कालचे दही. त्या चकत्या नेच्याच्या पानांवर ठेवून, झाकून, चुलीवरच्या उबेत दोन-तीन दिवस आंबवतात आणि उन्हात वाळवतात. आले-मिरची कशासाठी, असे विचारता आमा म्हणाल्या, भुते पळावीत म्हणून. चित्रकाचे नाव आम्ही वैद्यांच्या चूर्णाच्या बाटलीवर वाचले होते. तो येथे आडोशाला मद्याच्या कामी लागलेला पाहून मौज वाटली.

आमांनी चकत्या अंदाजाने घेतल्या. आम्ही त्या वजनकाट्यावर टाकल्या तर ऐंशी ग्रॅम भरल्या. टिपणवहीत तसे लिहून घेतले. फाइलीत संख्या नसली की आम्हाला झोप येत नाही. चकत्या कुटून पूड राशीवर भुरभुरली, दोन्ही हातांनी कालवली, नेच्याची पाने अंथरलेल्या टोपलीत धान्य भरले आणि वर पोते टाकून चुलीजवळ ठेवले.

हे कसे घडते ते सांगितल्याखेरीज आम्हाला राहवत नाही. पिठूळ धान्यातून मद्य निघते, पण थेट निघत नाही. यीस्टला साखर लागते, पिष्ट तिला पचत नाही. तेव्हा आधी कोणीतरी पिष्टाची साखर करून द्यावी लागते. युरोपातील बिअरवाले यासाठी सातूला मोड आणतात. मोड येताना दाणा स्वतःच्या पोषणासाठी जी पाचक द्रव्ये तयार करतो, तीच कोमट पाण्यात पिष्ट फोडून साखर करतात. हिमालयातल्या बायकांनी निराळी वाट काढली. मर्च्यात बुरशी असते, यीस्ट असते आणि दह्यातल्यासारखे आंबट करणारे जीवाणूही असतात. बुरशीने साखर करायची आणि यीस्टने ती खाऊन मद्य करायचे. एकाच चकतीत दोन्ही खाती. सिक्कीमचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ज्योती प्रकाश तमांग यांनी या चकत्यांचा फार बारकाईने अभ्यास केला आहे; हिमालयातील आंबवलेल्या पदार्थांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०१० साली निघाला.

आणि येथे आम्हाला एकदम उमगले की, मोडाची पहिली वाट आमच्या घरातलीच होती! आपल्याकडे तान्ह्या मुलासाठी नाचणीला मोड आणून, ती वाळवून, भाजून दळतात ते दुसरे काय आहे? मोडाने नाचणी गोड होते आणि पचायला हलकी होते, ती याच पाचक द्रव्यांमुळे. म्हणजे कोकणातल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या बिअरचा पूर्वार्ध करीत आल्या आणि उत्तरार्धाच्या उंबरठ्यावरून लेकराचे वाटीचमचे घेऊन परतल्या. हे आम्ही त्या दिवशी आईला सांगण्याचे धाडस मात्र केले नाही.

दोन दिवस आई खाली उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या घरात वास सुटला. पिकल्या फणसाचा म्हणावा, तर त्यात ताज्या भाकरीचाही अंश. दाण्यांत साखर उतरली होती. आमांनी पोते बाजूला सारून चार दाणे आमच्या जिभेवर ठेवले, ते गोड लागले. मग सारे धान्य मातीच्या मडक्यात दाबून भरले आणि तोंड घट्ट बंद केले. थंडी पडू लागलेली, तेव्हा आठवडा तरी लागणार होता. आम्ही रोज कचेरीतून आल्यावर विचारायचो आणि आमा म्हणायच्या, “अझै एक दिन!” आणखी एक दिवस. त्यांचा हा शेरा आमच्या विभागातल्या कोणत्याही शेऱ्याइतकाच अढळ होता.

त्याच आठवड्यात आमांची नात दिवसांआधीच बाळंत झाली. मुलगी झाली. रुग्णालयातून घरी आली तेव्हा फार अशक्त होती. आमच्या सौभाग्यवतींनी वर येऊन सांगितले की, बाळंतिणीला अंगात ताकद यावी म्हणून येथे जाँडाचा अर्क पाजतात. आईने हे ऐकले मात्र, ती ताडकन उठली. “अंगावर पिणारं पोर आहे तिचं!” ती खाली गेली, आमांच्या पोत्यातून दोन शेर नाचणी न विचारता मोजून घेतली आणि भिजत घातली. दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यात बांधून त्याच चुलीजवळ, त्याच मडक्याशेजारी टांगली. आमा पाहत राहिल्या. त्यांना वाटले, ही पाहुणी आपल्या पद्धतीचे जाँड लावते आहे. आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे फारसे चुकले नव्हते.

मोड आले, वाळले, भाजून दळले गेले. दूध-गूळ घालून केलेली खीर बाळंतिणीने मुकाट्याने खाल्ली. जाँडाचा अर्क तिने घेतला की नाही हे आम्ही विचारले नाही, आईनेही विचारले नाही.

मडके उघडले ते आठव्या दिवशी, तिन्हीसांजेला. नातजावई आला होता, शेजारची दोन म्हातारी माणसे होती. तोंग्बा हे बांबूचे उंच पेले. त्यात आंबलेले दाणे भरले आणि वरून कडकडीत नव्हे असे ऊन पाणी ओतले. मग दहा-पंधरा मिनिटे कोणी हात लावावयाचा नाही. पिपसिंग नावाची बांबूची नळी असते, तिच्या बुडाशी बाजूला भोक, म्हणजे रस येतो आणि दाणे येत नाहीत. आम्ही ओढून पाहिले. आंबूस, कोमट, मागाहून किंचित गोड. बाटलीतल्या बिअरशी याचे नाते दूरचे. ती हवी असल्यास मेल्लीला डॅनी डेंझोंग्पांचा कारखाना आहे. हिंदी चित्रपटातला खलनायक घरच्या मुलखात मद्यसम्राट आहे. पण त्या बाटलीत नाचणी ओळखू येत नाही. येथे ती शेवटच्या घोटापर्यंत ओळखू येते.

आई दारात उभी होती. आत यावयाची नाही, वरही जावयाची नाही. आमा नातीच्या उशाशी बसून एका हाताने पाळणा हलवीत होत्या आणि दुसऱ्या हाताने नळी धरली होती. म्हातारी माणसे पावसाविषयी बोलत होती. पेला रिता झाला की पुन्हा पाणी पडे. तेच दाणे दोन-तीनदा कामाला येतात, आणि दर खेपेस पेय सौम्य होत जाते. कोणाचा आवाज चढला नाही. आई बराच वेळ पाहत होती.

“आमचा दादा,” ती हलकेच म्हणाली, “कधी घरात बसून नाही प्यायला.”

आम्ही नळी खाली ठेवली. आमांनी काही न समजता आईकडे पाहिले आणि आपल्या शेजारचे पिढे हाताने पुसून पुढे सरकवले. आई त्यावर बसली. तिने बाळाच्या पायावरची दुलई सारखी केली. नातजावयाने किटली उचलून तिसऱ्यांदा पाणी ओतले.

“अजून किती वेळ चालायचं हे?” आईने आम्हाला विचारले.