‘नेट बंद आहे’ म्हणण्याआधी

आमच्या वस्तीत हल्ली एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानी पडते : ‘नेट बंद आहे.’ पूर्वी ‘लाईट गेली’ म्हटले की सगळे काम थांबायचे, तसे आता या वाक्याने थांबते. फरक एवढाच, की लाईट गेल्यावर आपण आधी खिडकीतून शेजाऱ्याच्या घराकडे पाहतो. त्याच्याकडे दिवा असेल तर दोष आपल्या घरातला, नसेल तर खांबावरचा, हे लहान पोरालाही कळते. नेटच्या बाबतीत मात्र ही साधी नजर आपण टाकत नाही. ब्राउझर उघडला, पान आले नाही, की फोन किंवा लॅपटॉप उचलायचा आणि नाक्यावरचे दुकान गाठायचे, अशी रीत पडून गेली आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने पालकांचे येणे-जाणे सुरू असते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचे अर्ज त्याआधीच ऑनलाइन होते. म्हणजे मुलांच्या तालीमचा दरवाजा आता ब्राउझरमधूनच उघडतो, आणि तो उघडला नाही की घाबरगुंडी उडते.

दुकानात जाण्यात वाईट काही नाही. ज्याच्याकडे साधन नाही त्याने जावेच. पण दुकानात फक्त फीचे पैसे जात नाहीत. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फोनवर आलेला ओटीपी, पासवर्ड, सगळे परक्याच्या हाती जाते. काही ठिकाणी तर ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून अर्जात दुकानदार स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत असेच झाले. यादीत नाव लागल्याचा संदेश दुकानदाराच्या फोनवर आला. त्याच्याकडे असे शेकडो संदेश येतात. मुलीला कळले तेव्हा प्रवेश पक्का करायला अर्धा दिवस उरला होता. तिची धावपळ आम्ही डोळ्यांनी पाहिली. तेव्हापासून आम्ही पालकसभेत अर्जांबरोबर हाही विषय घेतो : ब्राउझर चालत नसेल तर दुकानाच्या आधी घरात काय काय पाहावे.

घरातल्या फोनपासून त्या साइटपर्यंत एक लांब दोरी आहे असे समजा. तिच्यात पाच-सहा गाठी आहेत. सुटलेली गाठ एकच असते. ती कोणती हे शोधायचे, आणि शोधताना एका वेळी एकच गाठ तपासायची. सगळी बटणे एकदम दाबली की काय बिघडले होते हेही कळत नाही आणि काय सुधारले हेही कळत नाही.

पहिली गाठ शेवटच्या टोकाची : ती साइटच बंद आहे का? दुसरी कोणतीही साइट उघडून पाहा. ती उघडत असेल तर तुमचे नेट, तुमचा फोन, तुमचा राउटर सगळे ठीक आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी हजारो लोक एकाच दारावर गर्दी करतात आणि दार अडकते. अशा वेळी राउटर बंद-चालू करून उपयोग नाही. मुदत बाकी असेल तर पहाटे फजरनंतर बसावे. त्या वेळी साइट बहुधा मोकळी असते आणि डोकेही.

दुसरी गाठ आपल्या हातातल्या यंत्राची. त्याच वायफायवर घरातला दुसरा फोन लावून पाहा. ही आपली शेजाऱ्याच्या खिडकीकडची नजर. दुसऱ्या फोनवर चालत असेल तर दोष पहिल्या यंत्रात. विमान मोड चालू राहिला असेल, वायफाय जोडलेलेच नसेल, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ब्राउझरला डेटा वापरण्याची मनाई असेल. सिमकार्डाच्या डेटावर असाल तर दिवसाचा कोटा पाहा. पुष्कळ पॅकमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. एवढ्यात व्हॉट्सॲपचा लिहिलेला निरोप येतो, पण आजची जड पाने उघडत नाहीत. ‘व्हॉट्सॲप चालते म्हणजे नेट आहे’ असे म्हणून लोक ब्राउझरला दोष देतात तो इथे.

तिसरी गाठ भिंतीवरच्या डब्याची. सगळ्याच फोनवर वायफाय मुके झाले असेल तर डब्याचे दिवे पाहा. फायबरच्या डब्यावर एलओएस असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. आमच्या कोकणात पावसाळ्यात फांदी पडते आणि तार तुटते, तेव्हा हाच दिवा लाल होतो. मग घरात काहीही करून उपयोग नाही, कंपनीला कळवायचे. ‘नेट बंद आहे’ असे न सांगता ‘एलओएसचा दिवा लाल आहे’ असे सांगितले तर समोरचा माणूस पुढचे प्रश्न विचारत बसत नाही. कंपनीचा नंबर मात्र बिलावरचाच घ्यावा. गूगलवर शोधून सापडलेल्या नंबरांत फसवणारेही बसलेले असतात. दिवा लाल नसेल तर डबा बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा लावा. आणि विजा कडाडू लागल्या की डब्याचा प्लग काढून ठेवा.

चौथी गाठ नावांच्या वहीची. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपण नावांनी. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९८३ मध्ये मांडली. पडद्यावरच्या संदेशात ‘डीएनएस’ ही अक्षरे दिसली तर समजावे की वहीत नाव सापडत नाही. आधी पत्त्याचे स्पेलिंग पाहा. एक अक्षर चुकले तरी नाव सापडत नाही. स्पेलिंग बरोबर असून कोणतीच साइट उघडत नसेल तर कंपनीची वही अडली असेल. सेटिंगमध्ये दुसऱ्या वहीचा पत्ता देता येतो. गूगलची अशी वही २००९ पासून सर्वांना खुली आहे. तिचा पत्ता पाठ करायला सोपा : आठचा आकडा चार वेळा, मध्ये टिंब.

पाचवी गाठ कोणाच्या ध्यानीमनी नसते. ती म्हणजे तारीख. शाळेच्या खोलीतला एक जुना संगणक रोज सकाळी कित्येक वर्षे मागची तारीख दाखवायचा. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. ब्राउझर सुरक्षित साइटचे ओळखपत्र तपासतो आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत ही मुदत असते. घड्याळच मागे असले तर ब्राउझरला ते ओळखपत्र खोटे वाटते आणि तो वाट अडवतो. तारीख दुरुस्त केली की काम होते, सेल बदलला की पुन्हा बिघडत नाही. तारीख बरोबर असूनही असा इशारा आला, तर मात्र ‘तरीही पुढे जा’ दाबू नये. बँकेच्या साइटवर तर मुळीच नाही.

सहावी गाठ आम्ही एका घरात पाहिली. वडील कुवेतला, आई आणि मुलगी इथे. मुलीला दहावीला चांगले गुण होते. वडिलांनी पैसे पाठवून एका कार्यालयातून निघालेला जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. पसंतीक्रम भरायला एकच दिवस उरला आणि ब्राउझर काही उघडेना.

आई म्हणाली, “सर, हा डबाच खराब निघाला. हिच्या अब्बांचे पैसे पाण्यात गेले. दुकानात जाऊन भरून टाकतो, जे मिळेल ते कॉलेज.”

आम्ही विचारले, “भाभी, तुमच्या फोनवर नेट चालतंय का?”

चालत होते. म्हणजे दोष लॅपटॉपमध्येच होता. आम्ही मुलीला पडद्यावरचे वाचायला सांगितले. तिने वाचले, “नो इंटरनेट.”

“बेटा, खालची ओळ?”

ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. तिथे लिहिले होते की प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी गडबड आहे. मोठ्या कार्यालयांत सगळ्या संगणकांना बाहेर जायला एकच राखणदार ठेवतात, त्याला प्रॉक्सी म्हणतात. लॅपटॉपचा मालक बदलला होता, पण तो अजून जुन्या कचेरीच्या राखणदाराला विचारल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नव्हता. सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. मुलीने स्वतः शोधून ते बटण बंद केले आणि पान उघडले.

त्यानंतर त्या घरात जे झाले ते दुकानात झाले नसते. अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. दुकानात मागे रांग असते, पाच मिनिटांत दहा नावे भरून होतात. इथे मायलेकी तास-दीड तास बसल्या. आईला जवळचे कॉलेज हवे होते, मुलीला सायन्स. एसटी किती वाजता सुटते, परतताना मगरिबच्या आत घरी येता येईल का, कुवेतला फोन, सगळे झाले. शेवटी सायन्सचे कॉलेज पहिल्या नंबरावर गेले आणि जवळचे दुसऱ्या. अर्जात मोबाईल नंबर आईचा होता.

आम्ही भाषेचे शिक्षक, म्हणून आम्हाला ती न वाचलेली खालची ओळच महत्त्वाची वाटते. क्रोममध्ये २०१४ पासून नेट नसताना एक छोटा डायनासोर दिसतो. पोरे त्याला उड्या मारायला लावतात, पण त्याच्याखालचे वाचत नाहीत. इंग्रजीची अडचण असेल तर फोनची भाषा मराठी किंवा उर्दू करून ठेवावी.

या महिन्यात घरात एक काम करा. एका कागदावर या सहा गाठी लिहा : साइट, फोन, डबा, वही, तारीख, प्रॉक्सी. खाली बिलावर पाहून कंपनीचा नंबर लिहा आणि कागद राउटरजवळ चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. त्यांची वेगळी वही कपाटात कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या वेळी कोणी ‘नेट बंद आहे’ म्हणाले, की घरातल्या मुलीला किंवा मुलाला त्या कागदापुढे उभे करा, आणि पडद्यावर काय लिहिले आहे ते शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला सांगा.