नाव पुसलेला चेंडू

साठी उलटल्यावर गोल्फ खेळू लागलेल्या साहित्याच्या प्राध्यापकाने आपल्या खेळाविषयी जितके कमी बोलावे तितके बरे. सैन्यातून निवृत्त झालेल्या आमच्या भाऊजींचे बोट धरून आम्ही या हिरवळीवर आलो. आठवड्यातून एकदा, नऊच होल. आमचा चेंडू उडतो तो हमखास उजवीकडे वळतो आणि झुडुपांत किंवा तळ्यात विसावतो. एक महागडा चेंडू बुडाला की दोन कवितासंग्रहांची किंमत पाण्यात गेली, असे आमचे हिशेबी मन नोंदवते. तेवढ्याच पैशांत स्वस्तातले तीन-चार चेंडू येतात. भाऊजींना मात्र हे मान्य नाही. "मास्तर, कंजुषी चपलेत करा, चेंडूत नको," असे ते बजावतात.

वास्तविक या खेळाचा प्रसारच एका स्वस्त चेंडूने झाला आहे. पूर्वी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू शिवत. कसबी कारागीरही दिवसाकाठी मोजकेच करू शके, त्यामुळे तो श्रीमंतांचाच राहिला. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, केलेला चेंडू आला आणि सामान्य माणसाला खेळ परवडू लागला. सेंट अँड्र्यूजचे अ‍ॅलन रॉबर्टसन हे पिसांच्या चेंडूंचे नामांकित कारागीर. त्यांनी या नवागताचा इतका तिरस्कार केला की त्यापायी सहकारी टॉम मॉरिस यांच्याशी त्यांचे बिनसले. वाङ्मयीन वादांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यात नवल वाटू नये.

आजच्या नियमांनुसार चेंडू महाग असो वा स्वस्त, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. अंगावरच्या तीन-चारशे खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला अधिक काळ बिलगून राहतो, मागे ओढणारा रोध घटतो आणि चेंडू लांब जातो. हे खळगे दोघांनाही असतात. फरक मुख्यतः आत किती थर आहेत आणि वरचे कवच कशाचे आहे यात. स्वस्त चेंडूचे कवच सहसा टणक, महागड्याचे मऊ युरेथेनचे.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे वगळून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या अभिप्रायांवर १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ लिहिला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. डन आणि हॉपकिन्सही त्या परीक्षेत अनेकांना रुचले नव्हते. आम्ही तोच प्रयोग चेंडूंवर केला. एक महागडा, एक स्वस्त आणि एक तळ्यातून काढून पुन्हा विकलेला. भाऊजींनी काळ्या शाईने नावे बुजवली आणि खुणेचे ठिपके दिले. ठिपक्यांचा अर्थ त्यांनाच ठाऊक. प्रत्येक होलनंतर आम्ही वहीत अभिप्राय लिहीत गेलो.

निकाल लाजिरवाणा होता. "उत्फुल्ल, आज्ञाधारक" हे आमचे शब्द स्वस्त चेंडूच्या वाट्याला आले होते. महागड्यापुढे "काहीसा निर्जीव" असे लिहिलेले होते. आम्ही विजयी मुद्रेने भाऊजींकडे पाहिले. तेवढ्यात आमचे कॅडी, जे गेली पंचवीस वर्षे या मैदानावर आहेत, ते म्हणाले, "सर, मला पहिल्यापास्नं कळत होतं कुठला कुठला ते."

"नावं तर पुसलेली होती!"

"बघायचं कशाला? आवाज येतो की."

मग त्यांनी आमचीच वेज घेऊन ग्रीनच्या कडेवरून दोन फटके मारले. स्वस्त चेंडू पडला आणि घरंगळत पुढे गेला. महागडा दोनदा उसळला आणि धरून ठेवल्यासारखा थांबला. म्हणजे फरक होता, चेंडूतच होता. फक्त तो आमच्या हाताला उपलब्ध नव्हता. हे "फक्त" आम्हाला घरापर्यंत पुरले.

कारण रिचर्ड्सचा तो प्रयोग आम्ही वर्गातही एकदा केला होता. एका विद्यार्थिनीने एका मान्यवर कवीच्या कवितेला "पोकळ" म्हटले होते आणि एका जिल्हा दैनिकात छापून आलेल्या, कोणालाही ठाऊक नसलेल्या कवीची तोंड भरून स्तुती केली होती. आम्ही तिला गुण दिले ते नावे जाणणाऱ्याच्या अधिकाराने. तिचा हात कच्चा होता की कान तयार होता, हे तपासावे असे तेव्हा आमच्या मनात आले नाही. ती उत्तरपत्रिका आता कुठली सापडायला!

ती आज एका तालुक्याच्या गावी शिकवते. गेल्या आठवड्यात दूरध्वनी करून आम्ही तिला विचारले, त्या अनाम कवितेत तुला नेमके काय आवडले होते?

"कविता आता आठवत नाही, सर," ती म्हणाली. "गुण आठवतात. वीसपैकी नऊ."