डोळा राखून

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला फार गुण लागत नाहीत. सभेला उशिरा पोचणे एवढा एक गुण पुरतो. तो माझ्या अंगी आढळला आणि कांजूरमार्गच्या आमच्या चार मजली इमारतीचा कारभार माझ्या गळ्यात पडला.

पहिलं संकट मे महिन्यात आलं. आवारातल्या शेवग्याच्या फांद्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत शिरल्या होत्या. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, पहिल्या पावसात एखादी फांदी कुणाच्या तरी स्कूटरवर येणार हे ठरलेलं. म्हणून महापालिकेला अर्ज लिहायला बसलो : 'झाड कापण्यास परवानगी मिळावी.'

"कापण्यास?" खजिनदार दचकले. "अहो, बकरा कापतात, खिसा कापतात. असला अर्ज दिलात तर आपणच आत जाऊ!"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड जाळणं, कापणं, त्याला कशीही इजा करणं, हे सगळं 'तोडणे' या एकाच शब्दात बसवलं आहे. कायद्याला एक क्रियापद पुरतं. आपल्या मराठीला पुरत नाही. इथे भाजी चिरायची, मेथी खुडायची, सुपारी कातरायची, पेन्सिल तासायची, मेंढी भादरायची, ऊस तोडायचा आणि गहू सोंगायचा. सरकारदरबारी पाण्यात कपात, खर्चात काटछाट आणि अंदाजपत्रकाला कात्री. महिनाअखेरीला आमच्या घरात नुसताच हात आखडता. आणि नारळ? तो तर आपण फोडतो आणि 'वाढवला' म्हणतो!

"मग 'झाड वाढवण्यास' असंच लिहा की," खजिनदार म्हणाले. परवानगी तत्काळ मिळाली असती, यात शंका नाही. पण मग झाडही वाढलं असतं.

शेवटी 'छाटणी' या शब्दावर एकमत झालं. सभ्य, बागायती शब्द. मी सह्या गोळा करायला निघालो आणि तळमजल्यावर नानांपाशी अडलो. झाड नानांनीच लावलेलं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि कागद परत दिला.

"मी सही करणार नाही."

"नाना, नुसत्या फांद्या छाटायच्यात."

"आमच्या नोटिशीतही हाच शब्द होता. कामगार छाटणी."

एके काळी आमच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, कारखान्याला लागून कारखाना होता. भोंगे वाजत, त्यावर लोक घड्याळं लावत. आता त्या जागांवर बरेचसे टॉवर आणि मॉल उभे आहेत. नाना तशाच एका कारखान्यात फिटर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नियम होता की छाटणी करायची तर साधारणपणे शेवटी आलेल्याने आधी जायचं.

"मी शेवटून तिसरा," नाना म्हणाले. "कायद्यात बरोबर बसलो. पहिला शेवगा तेव्हा लावला. घरीच होतो ना."

माझ्याजवळ पर्यायी क्रियापद नव्हतं. एवढ्यात आमची ही दळण घेऊन जिन्यापाशी आली. हिचं माहेर निफाडकडचं, द्राक्षवाल्यांचं.

"नाना, तो शब्द त्यांचा नव्हेच," ही डबा खाली ठेवत म्हणाली. "आमचा आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. वेल अशी बोडकी होते की बघवत नाही. मग नव्या काड्या फुटतात. ऑक्टोबरात फळछाटणी, तेव्हा घड धरतात. पण काडीवरचे डोळे मोजून कात्री चालवावी लागते. डोळा राखला नाही, तर ती छाटणी नाही, नुसती तोड. तुमचा हा शेवगासुद्धा पहिल्याच्या छाटलेल्या फांदीचा ना?"

नाना बराच वेळ झाडाकडे बघत राहिले.

"म्हणजे सूनबाई, आमचा नुसता एप्रिल झाला म्हणायचा. ऑक्टोबर काही आला नाही."

ते स्वतःच हसले, पण आम्हां दोघांना काही हसू आलं नाही. मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, 'छाटणी' या शब्दाआधी स्वतःच्या अक्षरात 'डोळे राखून' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

परवानगी मिळाली. माणसं आली. त्यांच्यातला म्होरक्या करवत सरसावून म्हणाला, "साहेब, ट्रिमिंग किती करायचं?" चार दिवस मराठी क्रियापदांशी झोंबलो, त्याचं हे फळ! नाना मात्र काठी घेऊन खाली उभे होते. "तिथे नको, वर. डोळा राख, डोळा!" दुपारपर्यंत त्यांनी त्या माणसाला घाम फोडला.

पावसात बोडक्या खोडाला फुटवे आले आणि थंडीत फुलं. परवा सकाळी बेल वाजली. दारात नाना, हातात शेंगांची जुडी.

"घ्या, सेक्रेटरीसाहेब. ऑक्टोबर आला."

जुडी हातात घेऊन ही मला विचारत होती, "आमटीला शेंगा कापू, की मोडू?"

मी काहीही सुचवलं नाही.