तुपाशी, उपाशी आणि कोगनोळीचा नाका

जोर मारायला काय लागतं? दोन हात आणि अंगाएवढी जमीन. बैठकांना तर तेवढीही नको. तरी 2020 च्या मार्चअखेर कोरोनाच्या टाळेबंदीत जिमला कुलूप लागलं आणि बेळगाव-निपाणीकडची, आरशासमोर दंडाचा घेर न्याहाळणारी कितीतरी धडधाकट पोरं सोफ्यावर आडवी झाली. ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ ही म्हण अशांसाठीच असावी, असं पटकन वाटतं. पटकन वाटतं म्हणूनच जरा संशयही येतो.

म्हणीत थट्टा आहे ती अडून बसणाऱ्याची. ताटात भाकरी आहे आणि गडी तुपासाठी रुसलाय. पण रुसव्यालाही कारण असू शकतं, हे म्हण विचारातच घेत नाही. भार हळूहळू वाढवत नेला तर स्नायू वाढतो. साठ किलोचा बार छातीवरून उचलणाऱ्याला फरशीवरचे जोर म्हणजे मागे जाणंच. शिवाय जिममध्ये ‘अजून एक, अजून एक’ म्हणणारं कुणीतरी असतं. घरात पाण्याचा कॅन खांद्यावर घेतला, तर आई म्हणणार, एवढी रग आहे तर माळ्यावरचे डबे काढून दे.

मग कुणीतरी जुन्या तालमीचा दाखला देतं. आमच्या पैलवानांना कुठे यंत्रं लागत होती? लागत नव्हती, खरं आहे. पण माती लागायची, जोड लागायची आणि म्हणीतलं तूप तर अक्षरशः लागायचं. बदाम, दूध, तूप, थंडाई हा खुराक पुष्कळदा जत्रेतल्या मैदानांच्या इनामावर चालतो. त्या उन्हाळ्यात जत्राच झाल्या नाहीत. सहा फूट अंतर राखून कुस्ती कशी खेळायची? म्हणजे ज्याला काहीच लागत नाही असं समजायचं, तोच जास्त अडला. त्याला म्हण लावायची कशी? तो तुपाशी खायचा ते हट्टाने नव्हे, पेशाने.

त्यात पुन्हा सीमाभाग: निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. प्रतिबंधित क्षेत्रं वगळून जिम उघडायला केंद्राने 5 ऑगस्ट 2020 पासून मुभा दिली आणि कर्नाटकाने ती लगेच अमलात आणली. महाराष्ट्र थांबला तो थेट दसऱ्यापर्यंत, 25 ऑक्टोबरपर्यंत. निपाणीत माणशी चार चौरस मीटर जागा सोडून डंबेल उचलायची मोकळीक होती. कोगनोळीचा नाका आणि दूधगंगा ओलांडून वीसेक किलोमीटरवरच्या कागलात गेलं, की शटर खाली. बोली तीच, सोयरे तेच, व्यायाम मात्र 81 दिवस मागे.

याच काळात, नोव्हेंबर 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने शारीरिक हालचालींबद्दलच्या नव्या सूचना काढल्या. मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल हवी. पण ती निदान सलग दहा मिनिटं असावी, ही जुनी अट गेली. जिने, झाडलोट, कामावरची उठबस, सगळं हिशेबात. थोडक्यात, भाकरीही चालेल.

कामावरची उठबस म्हटलं, की निपाणीत आठवतात तंबाखूच्या वखारी. कुटायचं, चाळायचं, खाट नाकात भरून घेत दिवसभर हात चालवायचे, आणि हे बहुतेक बायकांनी. 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशींच्या साथीने त्या संघटित झाल्या, तेव्हा भांडण मजुरीचं होतं; हालचाल कमी पडते अशी तक्रार कुणाचीच नव्हती. दीडशे मिनिटं तर त्यांची सोमवारीच भरत असणार. मग त्या जिमवाल्या पोरांपेक्षा निरोगी म्हणायच्या?

इथे कोपनहेगनचे संशोधक आडवे येतात. 2021 मध्ये 1 लाख 4 हजारांवर प्रौढांच्या माहितीवरून त्यांनी मांडलं, की फावल्या वेळची हालचाल जास्त असेल तिथे हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी दिसतो. कामावरची जड मेहनत जास्त असेल तिथे तोच धोका वाढलेला दिसतो. कामाच्या श्रमात हवं तेव्हा थांबता येत नाही, विसावा पुरत नाही, असं काहीसं कारण त्यामागे असावं. म्हणजे वजन उचलणं महत्त्वाचं, की ते खाली ठेवायची मुभा? आणि टाळेबंदीत काम बंद पडलं तेव्हा वखारीतल्या बाईच्या शरीराचं काय झालं? त्याला विश्रांती मिळाली म्हणावं, तर मजुरी बुडाल्यावर ताटात काय पडलं असेल, हेही त्याच शरीराच्या खात्यावर मांडायला हवं.

शिवाय त्या अभ्यासातली हालचाल लोकांनी स्वतःच प्रश्नावलीत नोंदवली होती. फावल्या वेळची वेगळी, कामावरची वेगळी. असा कागद निपाणीत आला, तर डोक्यावरून पाणी आणणं, जळण फोडणं, आसपासच्या खेड्यातून वखारीपर्यंत चालत येणं कोणत्या रकान्यात टाकायचं, यावरच पहिला तास जाईल.