मीठ, धूर आणि धीर

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेतला ‘थँक्सगिव्हिंग’चा सण. १९४१ च्या कायद्याने हा वार कायमचा ठरला. त्या दिवशी घरोघरी टर्की शिजते. टेक्ससमध्ये भाच्याकडे मुक्कामाला असताना शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांनी मला आदल्या संध्याकाळीच बोलावून नेले. पत्नी गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला सण. आजवर सारे ती करी. हे फक्त लाकडे फोडीत.

दहा लिटर पाण्यात सहाशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यांनी पाच किलोंचा पक्षी त्यात बुडवला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. मीठ आत मुरले की मांस आचेवरही आपले पाणी धरून ठेवते. आपल्या लोणच्यात मीठ कैरीला पाणी सोडायला लावते. इथे तेच मीठ पाणी राखते! गंमत आहे की नाही?

सकाळी पक्षी कोरडा पुसून परसातल्या लोखंडी धुरीपेटीत ठेवला. पेकानची लाकडे, १२० अंश सेल्सिअसची मंद आच आणि पाच-सहा तासांची बैठक! धूर दाट, पांढरा झाला तर मांस कडवट होते. तो विरळ, निळसर हवा. म्हणून गृहस्थ हवेची झडप सारखी कमीजास्त करीत होते. मांडीच्या जाड भागात खुपसलेल्या तापमापकाने ७४ अंश दाखवले, तेव्हाच त्यांनी पेटी उघडली.

मी शाकाहारी, बटाट्यांवर समाधान मानले. गृहस्थांनी पहिला काप तोंडात घातला, क्षणभर थांबले आणि हलकेच म्हणाले, “मीठ अगदी तिच्या हातचं पडलंय.”